एकसष्ट दारांचा पंच

गजर थांबवा मंडळी, टाळ मांडीवर ठेवा. ए मागच्या खांबाजवळचे, पुढं सरका! पुढं बसलं म्हणून कोणी वर्गणी मागत नाही!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एक माणूस हुकूम देतो. दुसरा माणूस दाराला कुलूप लावतो. आणि आतलं कुटुंब रस्त्यावर येतं. सांगा — पाप कुणाला? हुकूम देणाऱ्याला? बघा, सगळ्यांच्या माना डोलल्या! दुसऱ्याचं पाप ठरवायला आपल्याला वेळ लागत नाही. बरं, मग कुलूप लावणाऱ्याचं काय? — आता माना थांबल्या. थांबू द्या. ऐका.

माळेवाडी फाटा म्हणून गाव. तिथं एक सूतगिरणी. गिरणीच्या दारासमोर, चहाच्या गाड्याला लागून, दस्तगीर शिकलगाराचं लाकडी खोकं. कुलपं विकणं, किल्ल्या बनवणं, कात्रीला धार लावणं. खोक्यात उभं राहिलं तर बसता येत नाही, बसलं तर पाय पसरता येत नाही! पण हात असा, की कुलपाला कान लावला की आतलं पोट कळायचं. डॉक्टरला नाडी कळते तशी!

त्याला त्याच्या बापानं एक शिकवण दिलेली. बाप म्हणायचा, "दस्त्या, किल्ली कुणाच्याही हातात ठेवू नको. जो त्या घरात निजतो, त्याच्याच हातात ठेव. एवढं पाळलंस तर आपल्या धंद्यासारखा पाक धंदा न्हाई. आणि न्हाई पाळलंस — तर चोरात अन् आपल्यात फरक फक्त दुकानाचा!"

वीस वर्षं पाळलं त्यानं. नवरा भांडून बाहेर राहिला आणि म्हणाला, बायकोच्या घराची दुसरी किल्ली दे — दिली नाही. भाऊबंदांनी नोट दाखवली — दिली नाही.

आता गिरणी जोरात होती तेव्हाची गोष्ट. फाट्याच्या माळावर एक वसाहत उठली. नाव काय? कल्पतरू नगर! आणि झाड किती? एक! तेही बाभळीचं! ब्याण्णव घरं, सगळी एका छापाची. कर्ज देणारी कंपनी दारात आली होती हो! गिरणीच्या दारात मांडव घातला, पेढे वाटले. तिथला साहेब म्हणायचा, "भाडं भरता ना? मग तेवढ्यातच स्वतःचं घर घ्या!" कुणाला वाईट वाटेल? चार पिढ्या दुसऱ्याच्या छपराखाली गेलेल्या. पगार केवढा, हप्ता केवढा, गिरणी किती वर्षं चालणार — कोणी विचारलं नाही. घेणाऱ्यानं विचारलं नाही, हे समजू शकतो. पण देणाऱ्यानंही विचारलं नाही! आंधळ्यानं रस्ता ओलांडला तर दया येते मंडळी, पण डोळसानं त्याला हात धरून गाड्यांपुढं नेलं तर त्याला काय म्हणाल?

त्या वसाहतीत पहिलं कुलूप घ्यायला आली हौसाक्का. हौसाबाई माने. नवरा गणपत गिरणीत रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर. ही बाई कशी? घर बांधताना गवंड्याला विटा हिनं दिल्या, पाणी हिनं मारलं, आणि भिंत वाकडी झाली तर उतरवायलाही हिनंच लावली! गवंडी म्हणाला होता, "आक्का, तुम्ही गवंडी व्हा, मी भाकऱ्या करतो!"

ती खोक्यापुढं उभी. "कुलूप कितीला?"

दस्तगीरनं पितळी, सहा लिव्हरचं काढलं. किंमत सांगितली.

"काय सोन्याचं हाय व्हय रं? चोराला कुलूपच न्यावंसं वाटंल!"

अर्धा तास घासाघीस. शेवटी दोघंही दमले आणि सौदा झाला. दस्तगीर म्हणाला, "आक्का, हात पुढं करा. उजवा." आणि दोन्ही किल्ल्या तिच्या तळव्यावर ठेवल्या. तिनं मूठ मिटली, आणि इतका वेळ टरटर बोलणाऱ्या बाईचा आवाज खाली आला. म्हणाली, "दस्तू, माझ्या आईच्या हातात कधी किल्ली नव्हती रं. कुलूप लावण्याजोगं काही नव्हतंच."

लक्षात ठेवा ही मूठ.

पुढं काय झालं? गिरणी बंद पडली. एका सोमवारी कामगार गेले, तर दाराला साखळी. कारणं कोणी काय सांगितली, कोणी काय. गणपतच्या छातीत तोवर बावीस वर्षांचा कापूस साठलेला — दहा पावलं चाललं की धाप. हप्ते थांबले. एकाचे थांबले, दहांचे थांबले, साठांचे थांबले. नोटिसा आल्या. चिकटवल्या. आणि मग आली कंपनीची जीप.

वसुलीचे साळवेकर साहेब. माणूस वाईट नव्हता बरं का! घाम पुसत बोलायचा. तो थेट खोक्यापाशी आला. गिरणी बंद, गावात पैसा नाही, दस्तगीरकडं महिन्यात तीन किल्ल्यांचं काम. साहेब म्हणाला, "कुलपं पाहिजेत. रोज दोन-तीन. लावायचीही तुम्हीच. आणि पंच म्हणून कागदावर अंगठा."

पंच! अहो, दस्तगीरची मान ताठ झाली! आपल्यात म्हणतात ना, पाचामुखी परमेश्वर? याला आजवर कुणी लग्नात मांडवाच्या पुढच्या रांगेत बसवलं नव्हतं, आणि सरकारी शिक्क्याच्या कागदावर पंच! कागदावर काय लिहिलंय, हे त्यानं विचारलं नाही. वाचता येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची लाज. ही लाज मी ओळखतो मंडळी. पन्नाशी उलटेपर्यंत मीही कागद उलटा धरून मान डोलवली आहे!

पहिल्या दिवशी दोन दारं. दुसऱ्या दिवशी तीन. कुलूप लावायचं, वर लाखेचं सील, आणि किल्ली — किल्ली साळवेकराच्या हातात! जो त्या घरात एक दुपारसुद्धा निजला नव्हता! बापाची शिकवण आठवली का? आठवली. मग? मग दस्तगीरनं स्वतःला समजावलं — मी नाही लावलं तर दुसरा लावेल. हुकूम त्यांचा. मी कोण?

घरी त्याची बायको जैबून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आज किती दारं खाल्लीस?"

"अगं, पोटासाठी—"

"पोटासाठीच विचारते. किती खाल्लीस?"

तो जेवला. पण मंडळी, घास उतरायला त्या दिवसापासून पाणी लागू लागलं.

आणि चाळिसावं की एकेचाळिसावं दार — जीप थांबली हौसाक्काच्या पुढं.

सकाळचे अकरा. ती अंगण झाडत होती. साहेबानं जप्तीचा हुकूम वाचला. गणपत आतून भिंत धरत धरत बाहेर आला. सामान काढायला एक तास. शेजारी आले — पण कोण आले? ज्यांचं दार अजून उघडं होतं ते. हात लावायला भीत होते, जणू जप्ती म्हणजे साथीचा रोग! भांडी निघाली, अंथरुणं निघाली, देव निघाले. तास संपला. साहेब म्हणाला, "लावा."

हौसाक्का म्हणाली, "थांबा वो. मटकी भिजवलेली हाय. फडक्यात बांधून खुंटीला टांगलीया. तेवढी घेते."

साहेबानं घड्याळ बघितलं. यादी झालेली, सह्या झालेल्या. "बाई, आता आत जाता येत नाही."

मटकी हो! मूठभर मटकी! पण कायदा म्हणजे कायदा!

आता दस्तगीरला काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि तो काय बोलला? अरे देवा! तो म्हणाला, "आक्का, राहू दे. दोन दिवसांचा प्रश्न हाय. घर उघडतंयच. तवर मोड येतील चांगले."

खोटं! धीर द्यायला बोललेलं खोटं! आपण सगळेच बोलतो. दवाखान्यात बोलतो, स्मशानात बोलतो. बोलणारा विसरतो. ऐकणारा त्याच्यावर जगतो.

त्यानं जुनं पितळी कुलूप बाजूला ठेवलं — स्वतःच विकलेलं! — आणि कंपनीचं नवं अडकवलं. खटकन आवाज झाला. तेव्हा हौसाक्का पुढं आली. सगळ्यांना वाटलं, आता शिव्या देईल, डोकं आपटेल. तिनं काय केलं? हात पुढं केला आणि कुलूप ओढून बघितलं. एकदा. दोनदा. नीट लागलंय ना! तुम्ही गावाला निघताना बघता तसं! मग उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि घराला म्हणाली, "येते गं."

जाते नाही. येते.

दस्तगीरच्या हातात शाईचं डबडं होतं. त्यानं अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला.

पुढं दीड वर्षं, मंडळी. एकसष्ट घरांना कुलपं. लिलाव पुकारले. घ्यायला कोण येणार? ज्या गावात काम नाही तिथं घर घेऊन माणूस खाणार काय, विटा? घरं तशीच. अंगणात कमरेएवढं गवत. आणि घरांची माणसं कुठं? पलीकडं, कालव्याच्या भरावावर, पत्र्याच्या खोपटांत. तिथं उभं राहिलं की आपलं घर दिसायचं. तोंडासमोर ताट आणि हात बांधलेले!

हौसाक्का रोज पाण्याला खोक्यावरून जायची. पहिल्या आठवड्यात विचारलं, "दस्तू, दोन दिस झालं का रं?" तो म्हणाला, "होतील आक्का." महिन्यानं विचारलं. पावसाळा गेल्यावर विचारलं. मग एकदा डोक्यावरची घागर तशीच ठेवून थांबली आणि म्हणाली, "तुझं दोन दिस लई लांब असतात बाबा." हसत म्हणाली! रागानं म्हणाली असती तर तो झोपू शकला असता.

आता ही एकाच फाट्याची गोष्ट नव्हती. अशा वसाहती जिल्ह्या-जिल्ह्यांत. शेवटी सरकारनं एक समिती नेमली. घरकर्जाचं हे काय होऊन बसलं, धोरण कुठं चुकलं, पुढं काय करायचं. समितीच्या प्रमुख एक निवृत्त न्यायाधीशबाई. त्या आल्या आणि गाडीत बसून राहिल्या नाहीत. वसाहतीतून पायी हिंडल्या, कुसळं साडीला चिकटवून! मग शाळेच्या पटांगणात सुनावणी लावली. साळवेकराला उभं केलं.

"एकसष्टातली विकली किती?"

"अजून एकही नाही, बाई."

"मग ती सांभाळतं कोण?"

"दोन राखणदार ठेवलेत."

"पगार?"

"देतो ना."

"म्हणजे राहणाऱ्याला काढायला खर्च केला, आणि रिकामं राखायला पुन्हा खर्च. तो राहिला असता तर त्यानं फुकट राखलं असतं! हप्ता नाही, पण थोडं भाडं तरी दिलं असतं!"

पटांगण हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घराकडं नुसता विकायचा माल म्हणून बघितलं, तिथं आपलं सगळ्यांचं चुकलं. ज्यांना जबरीनं बाहेर काढलं, त्यांना परत आणायचं, ऐपतीप्रमाणं भाडं घ्यायचं, ते कर्जात वळतं करायचं — अशी शिफारस मी करणार आहे."

भरावावरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. हौसाक्कानं गणपतचा हात धरला. तेवढ्यात कंपनीचे वकील उठले. "बाईसाहेब, शिफारस उत्तम. पण इथं ती लागू नाही. इथं कुणालाही जबरीनं काढलेलं नाही. हे एकसष्ट पंचनामे." आणि त्यांनी वाचलं — "कर्जदारानं घर स्वखुशीनं रिकामं करून ताब्यात दिलं. पंच: दस्तगीर बाबालाल शिकलगार. निशाणी अंगठा."

स्वखुशीनं!

मंडळी, दस्तगीर मागे भिंतीला टेकून उभा होता. एकसष्ट वेळा त्यानं अंगठा दाबला, आणि एकसष्ट वेळा तिथं हेच लिहिलेलं. कुलपं काय, ती तोडता येतात. एकसष्ट घरांना खरं कुलूप लागलं होतं ते या अंगठ्याचं! सगळ्या माना मागे वळल्या. हौसाक्काचीही. ती एवढंच म्हणाली, "दस्तू, वाचाय येत न्हवतं, तर इचारायचं होतंस की रं."

सांगा, आता काय करावं त्यानं? गप्प राहिला, तर सुखात आहे. बोलला, तर खोटा पंच ठरतो. जेल, दंड, आणि ज्याचा शब्द खोटा त्याच्याकडून कुलूप कोण घेईल? जैबून बायकांच्या रांगेत बसली होती. तिच्याकडं त्यानं बघितलं. तिनं डोळे वळवले नाहीत. तो पुढं गेला.

"बाईसाहेब, त्यो अंगठा माझा. पण त्यो खोटा हाय."

वकील म्हणाले, "विचार करून बोल! खोटा पंचनामा केलास म्हणून खटला होईल तुझ्यावर."

"व्हावा."

"शुद्धीवर आहेस ना? ही हौसाबाई रडली नाही, भांडली नाही. पोलीस नव्हते, मारहाण नाही. मग स्वखुशीनं नाही तर काय?"

दस्तगीर म्हणाला, "साहेब, मी कुलपाचा माणूस. मला एवढंच कळतं. जो घर सोडून जातो, तो कुलूप ओढून बघत न्हाई. आक्कानं ओढून बघितलं. एकदा न्हाई, दोनदा. घर तिचं हाय म्हणून बघितलं. आणि उंबऱ्याला म्हणाली, येते. एकसष्ट घरांत कुणी 'जातो' म्हणालं न्हाई, साहेब. सगळी येतो म्हणून गेली. मी ऐकत होतो, आणि मी अंगठा देत होतो. हुकूम तुमचा होता. हात माझा होता."

न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. मग पुढ्यातल्या कारकुनाला म्हणाल्या, "लिहून घ्या. शब्दन् शब्द."

रडताय? थांबा. अजून संपलं नाही. आख्यान इथं संपवलं असतं तर तुम्ही समाधानानं घरी गेला असता, आणि मीही. पण सरकारी कागदाला पाय असतात कासवाचे. बाईंची शिफारस वर गेली. वरून आणखी वर गेली. तिथून शंका घेऊन खाली आली. उत्तर घेऊन पुन्हा वर गेली. नऊ महिने! आणि या नऊ महिन्यांत थंडी आली. पत्र्याच्या खोपटातली थंडी तुम्हाला माहीत नाही. पत्रा उन्हाळ्यात तवा, थंडीत बर्फ. सगळ्यांना वाटत होतं, गणपत जाईल. त्याची छाती गेलेली. हौसाक्का त्याच्या अंगावर स्वतःचं पांघरूण घालायची. आणि गेली कोण? ती गेली. चार दिवस ताप. पाचव्या दिवशी सकाळी, घराकडं तोंड करून.

आदेश आला तो माघात. पुढं कुठल्याही घराला कुलूप लावण्याआधी सुनावणी, आणि डोक्यावर दुसरं छप्पर दाखवल्याशिवाय कुणाला काढायचं नाही. आणि एकसष्ट घरं — उघडा!

साळवेकर साहेब किल्ल्या घेऊन आले. कशातून? पोत्यातून! सगळ्या एकत्र! एकीलाही चिठ्ठी नाही! उघडायची वेळ येईल असं कुणाला वाटलं होतं? मग दस्तगीरला बोलावलं. कंपनीनं त्याच्यावर खटला टाकलाच होता, तारखा चालू होत्या. तरी तो आला. पोतं ओतलं, मांडी घातली, एकेक किल्ली बोटांनी चाचपली. दात बघून सांगत गेला — ही पवारांची, ही कांबळ्यांची. आणि प्रत्येकाला म्हणाला, "हात पुढं करा. उजवा."

शेवटी गणपत. दस्तगीरनं किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. दुसरी हातातच राहिली. ती कुणाच्या तळव्यावर ठेवायची?

गणपतनं कुलपाला हात लावला आणि काढून घेतला. "दस्तू, तूच उघड बाबा. आत गेलो तर मी हाक कुणाला मारू?"

दस्तगीरनं उघडलं. आत धूळ, कोळिष्टकं, भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, त्याच महिन्यावर थांबलेलं. आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, खुंटीला, फडकं. मटकी!

मोड आले होते मंडळी. आत पाणी होतं तोवर मोड येत राहिले होते. फडक्याच्या विणीतून बाहेर आले, लांब झाले, उजेड शोधत खाली लोंबले, आणि वाळून तारेसारखे कडक झाले होते. म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखे पांढरे.

गणपतनं ते फडकं खुंटीवरून काढलं, दोन्ही हातांत धरलं, आणि धाप लागत लागत म्हणाला, "दस्तू... आज दोन दिस झालं बघ."

मृदंग राहू द्या, बुवा. इथं नको.

मी प्रश्न विचारला होता. पाप कुणाला? ऐका. हुकमाला हात नसतात, मंडळी. हुकूम आपले हात उसने घेतो. कुणाचा कुलपाला घेतो, कुणाचा अंगठ्याला, कुणाचा शिक्क्याला, कुणाचा गप्प बसून मान डोलवायला. धोरण चुकलं ते शहाण्यांनी दुरुस्त केलं, उशिरा का होईना. पण चुकत होतं तेव्हा ते चालत होतं कुणाच्या पायांनी? दस्तगीरनं आपला हात परत मागून घेतला. एकसष्ट दारं उघडली. एक माणूस आत आलं नाही. जरा आधी मागितला असता तर?

तुमच्याकडंही येईल कोणी हात मागायला. गोड बोलेल. म्हणेल, तुम्ही नाही तर दुसरा करेल. तेव्हा कागद वाचा. वाचता येत नसेल तर विचारा, लाजू नका. लाजेचं मोल फार मोठं असतं, आणि ते नेहमी दुसरंच कोणी भरतं.

आता उठा. घरी जा. कडी लावाल, ओढून बघाल, सगळे बघतो. पण लावायच्या आधी एकदा दारात उभं राहून बाहेर बघा — तुमच्या हातानं बंद झालेल्या एखाद्या दारातून कोणी 'येते' म्हणून गेलेलं, अजून भरावावर उभं तर नाही ना?